माळकरी मामांबरोबर नाशिकच्या वायनऱ्या

दिवस पहिला : शुक्रवार

वायनऱ्या पाहायला निघायचे तर स्वतःची मोटार घरीच ठेवायची, एवढे एक आमच्या घरात सर्वांत आधी ठरले. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी मी आणि माझे यजमान कल्याणला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलो. डब्यात नेहमीचे पासधारक होते. त्यांचे पत्ते, भेळ आणि ठरलेल्या जागांवरून होणारे ठरलेले वाद सुरू होते. कसाऱ्याला गाडीला मागून इंजिने जोडली आणि ती थळ घाट चढू लागली, तेव्हा बाहेर अंधाराखेरीज काही दिसत नव्हते. इगतपुरी आल्यावर मात्र खिडकीतून आत येणारी हवा एकदम बदलली आणि मी शाल अंगावर घेतली. दिवसा कडक ऊन आणि रात्री अशी थंडी, या फरकावरच इथल्या द्राक्षाचे पुष्कळसे गणित उभे आहे; त्याचा प्रत्यय बाग पाहण्याआधी गाडीतच आला. नाशिकरोडला उतरून आम्ही थेट मुक्कामी गेलो.

माझे धाकटे मामा निफाड तालुक्यात राहतात आणि गेली पस्तीस वर्षे द्राक्षे पिकवतात. आम्ही वायनऱ्या पाहायला येत आहोत असे त्यांना फोनवर सांगितले, तेव्हा ते थोडे थांबून म्हणाले, "मग मीही येतो." मामांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि आषाढीची वारी त्यांनी सहसा चुकवलेली नाही. त्यामुळे ते चेष्टा करत असावेत असे मला वाटले होते. तसे नव्हते.

दिवस दुसरा : शनिवार

सकाळी साडेआठ वाजता मामा पांढऱ्या टोपीत, धुवट सदऱ्यात आणि हातात पिशवी घेऊन दारात हजर होते. पिशवीत आमच्यासाठी थॉमसन या हिरव्या, बिनबियांच्या द्राक्षाचे चार घड होते. नाशिकला आल्यावर मिसळ खावीच लागते, म्हणून ती खाल्ली. तिच्याबरोबर आलेला पापड मामांनी न बोलता यजमानांच्या ताटलीत सरकवला. "जावईबापू, तुम्हाला आज दिवसभर पोटात आधार लागेल," एवढेच ते म्हणाले. भाड्याची मोटार सांगितली होती. सोमेश्वरच्या देवळात हात जोडून (दूधसागर धबधबा या दिवसांत नुसता खडक असतो) आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूने सुला व्हिनयार्ड्सकडे निघालो.

सुलाची कथा नाशिककरांना पाठ आहे, तरी ती थोडक्यात सांगते. राजीव सामंत अमेरिकेत शिकले, तिथे नोकरी केली आणि 1990 च्या दशकात परत येऊन नाशिकजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर शेती करू लागले. आंबा, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग करून झाल्यावर त्यांनी सोव्हिन्यो ब्लांक आणि शेनिन ब्लांक या फ्रेंच वाणांच्या वेली लावल्या. कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांची त्यांना साथ मिळाली आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आली. 'सुला' हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून घेतलेले आहे. महाराष्ट्रातली वाइन मात्र त्याहून जुनी आहे. 1980 च्या दशकातच शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच साहाय्याने फेसाळती वाइन बनवून परदेशी पाठवली होती. पण वायनरी हे लोकांनी सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह जाण्याचे ठिकाण होऊ शकते, हे गंगापूरच्या या रस्त्याने शिकवले.

शनिवार असल्याने गर्दी भरपूर होती. आमच्या गटात पुण्याच्या चार मैत्रिणी, सुरतेचे एक कुटुंब आणि आम्ही तिघे होतो. माहिती देणारा मुलगा विशीतला, उत्साही आणि चांगला तयारीचा होता. वाइनची द्राक्षे पहाटेच्या गारव्यात का तोडतात, यंत्र देठ कसे वेगळे करते, पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच गाळून घेतात आणि लालसाठी मात्र तो सालींसकट का आंबवतात, हे त्याने नीट सांगितले. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, रस बहुतेक काळ्या द्राक्षांचाही पांढराच निघतो, हे ऐकून सुरतेच्या काकूंना आश्चर्य वाटले. मामांनी पिशवीतल्या घडाचा एक मणी चिमटीत दाबून त्यांना साल आणि गर वेगळे करून दाखवले. तो मणी हिरवा होता, त्यामुळे मुद्दा फारसा सिद्ध झाला नाही, पण त्या क्षणापासून गटातले निम्मे लोक प्रश्न मामांना विचारू लागले.

पोलादी टाक्यांच्या दालनात शिरताच गारवा आणि एक आंबूस, यीस्टचा वास आला. थंडीत रात्रभर ठेवलेल्या इडलीच्या पिठाच्या भांड्यावरचे झाकण काढावे तसा. टाक्यांभोवती थंड द्रव खेळवलेला असतो, कारण रस आंबताना आपोआप तापतो आणि पांढऱ्या वाइनचे आंबवण साधारण बारा ते सोळा अंशांत राखले नाही तर फळाचा सुगंध उडून जातो. लाल वाइनला त्याहून अधिक ऊब चालते. बाहेर यंत्राच्या तोंडाशी सालीबियांचा जांभळा चोथा पडला होता. मामांनी तो मुठीत घेऊन हुंगला, बोटांनी पसरला आणि त्याचे पुढे काय करता असे विचारले. खत करतो, हे उत्तर त्यांना पटले.

अंगणात एका मोठ्या पिंपात द्राक्षे पायांनी तुडवण्याचा खेळ चालू होता. या तुडवणीतून हल्ली कोणी वाइन करत नाही, तो केवळ पाहुण्यांसाठीचा गमतीचा भाग आहे. पुण्याच्या मैत्रिणी हसत हसत पिंपात उतरल्या. मामांनी तोंड फिरवले आणि दूर वेलींकडे पाहत उभे राहिले. पिकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या माणसाला ते बघवणार नव्हते, आणि दुसऱ्याच्या आनंदात खोडा घालणेही त्यांच्या स्वभावात नव्हते.

चव घेण्याच्या टेबलापाशी खरी मजा आली. पेला कसा धरायचा, वाइन कशी घोळवायची, आधी नाक का लावायचे, हे सांगून झाल्यावर मुलाने मामांपुढेही पेला ठेवला. मामांनी माळेवर बोट ठेवले आणि मग विचारले, "नुसता वास घेतला तर चालतो का?" चालतो, असे म्हटल्यावर त्यांनी जे केले ते पाहून तो मुलगाही थांबून राहिला. सोव्हिन्यो ब्लांकला नाक लावून मामा म्हणाले, "ढोबळी मिरची मोडल्याचा वास." जगभरातले जाणकार या वाणाबद्दल नेमके हेच लिहितात. शेनिनला त्यांनी अर्धवट पिकलेला पेरू म्हटले. शिराझ ही लाल वाइन हुंगल्यावर बराच वेळ विचार करून "मिरी, पण कुटलेली" असा निर्णय दिला. यजमान प्रत्येक पेला पिऊन नुसती मान डोलवत होते. त्यांना आणि मला जिभेवर जे कळत नव्हते ते मामांना नाकाने कळत होते. शेवटी 'लेट हार्वेस्ट' नावाची गोड शेनिन आली. घड नेहमीपेक्षा बरेच दिवस वेलीवर राहू देतात, मणी सुकू लागतात, साखर दाट होते आणि मग तोडणी करतात, असे मुलाने सांगितले. मामांनी पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "हा तर बेदाण्याच्या शेडमधला वास आहे," ते म्हणाले. "आमचा माल इतके दिवस वेलीवर राहिला तर व्यापारी बांधावर येऊन परत जातो, आणि इथे त्याचेच जास्त पैसे!"

माझ्या चवीबद्दल प्रामाणिकपणे लिहायचे तर थंड शेनिन मला मनापासून आवडली आणि लाल वाइनचा तुरटपणा झेपला नाही. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी टाळूला चिकटते तसे झाले. सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा हा गुण आहे आणि तिखट-तेलकट मटणाच्या रश्श्याबरोबर तो खपून जातो, असे मुलाचे म्हणणे होते. त्याबद्दल मला अजून शंका आहे.

निघताना मामांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "शेतकऱ्याशी करार किती वर्षांचा करता?" तो बऱ्याच वर्षांचा असतो असे उत्तर मिळाले. मामा पुढे काही बोलले नाहीत.

दुपारी आम्ही आणखी एका वायनरीत गेलो, तिचे नाव लिहीत नाही. तिथे भर उन्हात पत्र्याच्या मांडवाखाली मोठ्या आवाजात गाणी लावली होती आणि लाल वाइन चहाइतकी नव्हे, पण अंगाइतकी नक्कीच गरम दिली गेली. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी आहे, फेब्रुवारी अखेरच्या नाशिकच्या दुपारसाठी नाही. पंधरा-वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवायचे कष्ट कोणीतरी घ्यायला हवे होते.

संध्याकाळ यॉर्क वायनरीत घालवली. गुरनानी कुटुंबातल्या योगिता, रवी आणि कैलास या तीन भावंडांच्या नावांवरून वायनरीला हे नाव मिळाले. 2021 पासून तीही सुलाच्या मालकीची झाली आहे. इथल्या गच्चीवरून वेलींच्या सरळ ओळी उतरत गेलेल्या दिसतात आणि त्यांच्या टोकाला गंगापूर धरणाचे पाणी पसरलेले असते. गोदावरीवरच्या या मातीच्या धरणाचे पाणी नाशिक शहर पिते, त्यावरच हा परिसर जगतो. सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा पाण्यावरचा रंग आधी तांबूस झाला आणि मग पाहता पाहता करडा झाला. गच्चीवर आवाज कमी होता. खाली तळघरात ओकच्या लाकडाची 225 लिटरची पिंपे रांगेने आडवी ठेवली होती. त्या लाकडाचा गोडसर, व्हॅनिलासारखा वास मामांना सुताराच्या दुकानाची आठवण देणारा वाटला. यजमानांनी एक पेला घेतला, मी अर्धा घेतला, मामांनी उसाचा रस मिळेल का म्हणून चौकशी केली आणि शेवटी लिंबू सरबतावर समाधान मानले.

रात्री आम्ही मामांच्या गावी मुक्कामाला गेलो. मामींनी दारातच यजमानांना विचारले, "तुम्ही घेतली का?" यजमान गडबडले. "घ्या की," मामी म्हणाल्या, "पण आधी जेवा."

दिवस तिसरा : रविवार

थंडीच्या दिवसांत राज्यातले सर्वांत कमी तापमान म्हणून निफाडचे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येते. फेब्रुवारी सरत आला होता, तरी पहाटे मांडवाखाली उभे राहताना माझी बोटे गार पडली होती. मामांची अडीच एकर थॉमसन आहे. मांडवाच्या तारांवर वेली डोक्याच्या वर पसरलेल्या असतात आणि घड खाली लोंबत असतात. मात्र घड दिसत नव्हते, कारण प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता. थंडी आणि ऊन यांच्या फरकाने हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते आणि निर्यातीचा व्यापारी तो माल नाकारतो, म्हणून ही उठाठेव करावी लागते. एका कागदाची कड उचलली तर आत दुधी लव असलेले, लांबट, एकसारखे मणी होते, आणि कागदावर कुठल्या तरी निवडणुकीची अर्धी बातमी होती.

त्या मण्यांमागे काय काय असते ते मामांनी चालता चालता सांगितले. युरोपात बर्फाळ हिवाळा वेलीला झोपवतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून माणसाला तिच्यावर वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी फळासाठी. फळछाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची. मग फुलोरा, मग विरळणी, मग मणी लांब व्हावा म्हणून जीए या संप्रेरकाच्या द्रावणात एकेक घड हाताने बुडवायचा. या कामाला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. ढग आले की डाऊनी, ढग गेले की भुरी; दोन्ही बुरशीचे रोग. वाइनच्या द्राक्षाला यातले पुष्कळसे काही लागत नाही. त्याचा मणी लहानच हवा, कारण मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. पण खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन निघतात तिथे चांगल्या वाइनचे चार-पाचच काढायचे असतात.

हे तुम्हाला इतके नेमके कसे माहीत, असे मी विचारले, तेव्हा मामा विहिरीकडे वळले. विहिरीच्या काठाला, आंब्याच्या खोडावर चढलेली एक वेल होती. पाने गडद, पाच पाकळ्यांसारखी खोल कातरलेली. ती कॅबर्नेची, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षाची होती.

2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वायनऱ्यांना सवलती दिल्या, मामांच्याच तालुक्यात विंचूरला आणि तिकडे सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारायचे ठरले. गावोगाव वायनऱ्या निघू लागल्या. मामांनीही त्या काळात एका छोट्या वायनरीशी करार करून एक एकर कॅबर्ने लावली. पहिल्या पिकाचे पैसे मिळाले, दुसऱ्याचे अर्धे. मग 2008-09 ची मंदी आली, टाक्या भरलेल्या आणि गिऱ्हाईक नाही अशी अवस्था झाली. त्या हंगामात वायनरीने माल घेतलाच नाही. वाइनचे द्राक्ष बाजारात कोण घेणार? बी मोठी, साल जाड, मणी वाटाण्याएवढा. मामांनी चार टन काळी द्राक्षे बांधावर ओतली आणि एप्रिलमध्ये छाटणीच्या ऐवजी जेसीबी आणला. ही एक वेल विहिरीच्या आडोशाला होती म्हणून राहिली. अशा बागा उपटणारे त्या वर्षी तालुक्यात मामा एकटे नव्हते. सुलाच्या दारात त्यांनी कराराची वर्षे का विचारली ते मला तेव्हा कळले.

"चार वर्षे वाइन पिकवली आणि कधी चाखली नाही," मामा म्हणाले. "माळ होती म्हणून नाही म्हटले, तरी वाईट वाटायचे. आपण काय पिकवतो ते आपल्यालाच ठाऊक नाही."

या विषयात गावाची भूमिकाही सरळ नाही. 2022 च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा मामांच्या गावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकारांनी त्यावर कडक टीका केली. मांडवात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी पाच-सहा जणांच्या बागा त्याच वेळी वायनऱ्यांच्या करारात होत्या. मामांना यात काही विसंगत वाटत नाही. ऊस लावणारा माणूस मळीचे पुढे काय होते याचा विचार करत बसत नाही, असे ते म्हणाले.

न्याहारी करून आम्ही मुंबई-आग्रा रस्त्याने इगतपुरीकडे निघालो. मामा पुन्हा बरोबर होतेच. कावनईजवळ, मुकणे धरणाच्या काठाला व्हॅलोने नावाची लहानशी वायनरी आहे. शैलेंद्र पै यांनी ती उभी केली. सुलाच्या मानाने ती घरगुती म्हणावी इतकी छोटी आहे आणि मला ती सगळ्यांत आवडली. समोर पाणी, पाण्यापलीकडे सह्याद्रीची रांग, आणि दुपारी बाराला सहा-सात माणसांखेरीज कोणी नाही. मामांना मात्र देखाव्याचे काही नव्हते. इगतपुरीच्या एवढ्या प्रचंड पावसात द्राक्ष टिकते कसे, या एकाच प्रश्नाने ते अस्वस्थ होते. बागेचे काम पाहणारे गृहस्थ भेटले आणि त्यांनी सांगितले की पाऊस सरल्यावरच फळछाटणी होते, उताराच्या मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही, आणि पावसाळ्यात वेलीवर फळच नसल्याने लढाई फक्त पाने सांभाळण्याची असते. मग ते दोघे ओळींमधून चालत निघून गेले. खुंट कोणता, ठिबक किती तास, भुरीला काय मारता, मजुरी काय पडते, असे त्यांचे बोलणे वाऱ्याबरोबर तुटक तुटक ऐकू येत राहिले. आम्ही सावलीत जेवलो. यजमानांनी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन मागवली होती. माशाबरोबर ती उत्तम लागली, आणि या सहलीत मी भरलेला पेला संपवला तो हाच.

मी त्यांच्यामागे बागेत गेले तेव्हा मामा कॅबर्नेच्या एका घडासमोर उकिडवे बसले होते. इथे मांडव नसतो. वेली कमरेइतक्या उंचीच्या तारांवर उभ्या बांधलेल्या असतात आणि घड गुडघ्याशी येतात. मामांनी घडाच्या खालच्या टोकाचा एक मणी तोडला, मग खांद्याचा एक. दोन्ही तोंडात टाकले, साल दाढेखाली बराच वेळ चावली, बिया तळहातावर काढून नखाने दाबल्या. बिया तपकिरी झाल्या होत्या, टोकाशी मात्र अजून हिरवट होत्या. मामांनी डोळे मिटून म्हटले, "साडेतेवीस."

त्या गृहस्थांनी खिशातून रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर काढला, त्याच घडाच्या मण्याचा रस काचेवर पिळला आणि उजेडाकडे धरून पाहिले. काही न बोलता त्यांनी तो मामांच्या हाती दिला. मामांनी चष्मा वर करून पाहिले, मग माझ्याकडे दिला. निळी रेघ तेविसाच्या वर, चोविसाच्या खाली, जवळपास मधोमध होती.

"कधी काढणार?" मामांनी विचारले.

"बुधवारी म्हणतोय."

"बी अजून कच्ची आहे. शनिवारपर्यंत थांबता आले तर बघा," मामा म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

इगतपुरी स्थानकावर मामांनी आम्हाला गाडीत बसवून दिले आणि थॉमसनची पाच किलोची पेटी आसनाखाली सरकवली. बाटल्या आम्ही घेतल्या नव्हत्या. त्या कल्याणच्या दुकानातही मिळतात. पुढच्या रविवारी मामांचा फोन आला. मामी कशा आहेत, भाव काय निघाला, हे झाल्यावर त्यांनी सांगितले की त्या मुकण्याच्या गृहस्थांचा निरोप आला होता. कॅबर्ने शनिवारी पहाटे काढली.